अल क्वोजच्या वर्गात माझं बिनविरोध गाव

"मावशी, ये शारजाला. पण उंच इमारती बघायला नाही, माझ्या वर्गाला शिकवायला," असं माझी भाची मनाली फोनवर म्हणाली तेव्हा मला आधी हसूच आलं. माझा उभा जन्म गुहागर-चिपळूणच्या वाड्या-वस्त्यांवर पंचायतीतल्या बायकांना शिकवण्यात गेला. ग्रामसभेत उभं कसं राहायचं, ठराव कसा मांडायचा, ग्रामसेवकाला प्रश्न कसा विचारायचा, हे सगळं. आता निवृत्त बाईला परदेशात कोण विचारतंय? पण मनाली ऐकणाऱ्यातली नाही. एचआरची नोकरी सांभाळून ती रविवारी आफ्रिकेतल्या तरुण मुलामुलींचा वर्ग घेते. कोणी गार्ड, कोणी कॅशियर, कोणी आजारी माणसांची सेवा करणारं. करार संपला की मायदेशी जाऊन गावच्या कारभारात उतरायचं, एवढं एकच स्वप्न सगळ्यांचं. मग काय, भरली बॅग. कोकम आणि मेतकूट आधी, कपडे नंतर.

जायचं असेल तर फेब्रुवारीत जा, हा फुकटचा सल्ला. हवा आपल्या माथेरानसारखी. मनाली शारजात रोल्ला बाजाराजवळ राहते आणि रोल्ला म्हणजे आपलंच गाव समजा. पहिल्या संध्याकाळी दापोलीकडच्या एका कापड दुकानदारांनी माझं बोलणं ऐकलं आणि थेट स्टूल पुढे सरकवलं. "चिपळूणच्या काय ताई? बसा. खरेदी होईल इन्शाल्ला, आधी चहा घ्या." तो कडक, दाट दुधाचा चहा बाहेर दीड दिरहमला मिळतो, म्हणजे पस्तीस रुपये. मी हिशेब मोठ्यानं केला तशी मनालीची लेक म्हणाली, "आजी, स्टॉप कन्व्हर्टिंग." तिचंही बरोबर आहे. रुपये मोजत बसलं की घोट कडू लागतो.

रविवारी सकाळी बसने दुबई गाठली. बारा दिरहम तिकीट, सुट्टी असल्यामुळे रस्ता मोकळा. कामाच्या दिवशी सकाळी या रस्त्याला लागू नका, जीव रडकुंडीला येतो. पुढे टॅक्सीने अल क्वोज. गोदामं, वर्कशॉप, कामगारांच्या वाळत घातलेल्या कपड्यांची रांग, आणि त्यातच एका गोदामाच्या माडीवर रीतसर परवाना असलेली प्रशिक्षण संस्था. मनालीने जिन्यातच बजावलं, "मावशी, इथल्या राजकारणावर अवाक्षर नाही. आपापल्या गावाबद्दल काय ते बोलायचं."

वर्गात वीसेक जण. घाना, केनिया, युगांडा, नायजेरिया. रात्रपाळी करून आलेले दोघे डोळे ताणून बसलेले. प्रत्येकाला तीन मिनिटं मिळायची, त्यात आपल्या गावचा एक प्रश्न मांडायचा. कोणी रस्ता, कोणी दवाखाना. मला माझ्या बायका आठवल्या, खोटं कशाला सांगू.

मग माझी पाळी. माझं इंग्रजी मोडकं, पण तोंड धड आहे. मी छाती फुगवून सांगितलं, की आमच्या गावात तीनदा निवडणूक झालीच नाही. गावकी देवळात बसते, देवापुढे नारळ ठेवते, एक नाव ठरवते. बाकीचे अर्ज मागे घेतात. बिनविरोध. भांडण नाही, तंटा नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मागच्या बाकावरून एक हात वर आला. अबेना, घानाची, सुपरमार्केटात कॅशियर, सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. "मॅडम, गेल्या वेळी किती जणांनी अर्ज मागे घेतले?"

"चार."

"त्यात बायका किती?"

"तीन," मी म्हणाले, आणि म्हणताना माझं मलाच ऐकू आलं.

मग तिने आपलं सगळं सांगितलं. महिनाअखेरीस तिचा करार संपत होता. गावी जाऊन तिथल्या पंचायतीसारख्या सभेच्या निवडणुकीला उभं राहायचं, हे तिने दोन वर्षांपासून ठरवलेलं. पण मामाचा फोन आला होता. तो स्वतः उभा राहतोय. त्यांच्याकडे घराण्याचा कर्ता मामाच, आणि तिची आई त्याच्याच आवारात राहते. "घरात दोन उमेदवार शोभत नाहीत, गावाची शांतता राहू दे," असं तो म्हणाला. इकडे सुपरवायझर करार वाढवायला तयार. "मॅडम, तुमच्या गावात शांतता राहिली ना? मग मीही मागे फिरू का?"

काय सांगणार कपाळ. त्या तिघींतल्या सुलोचनावहिनींच्या घरी मीच गेले होते. "वहिनी, गावाची एकी राहू द्या," असं मीच म्हटलं होतं, वर्षानुवर्षं बायकांना उभं राहायला शिकवणाऱ्या बाईने. त्यांना वरच्या वाडीत पाणी आणायचं होतं. त्यानंतर त्या वाडीचं पाणी कोणी विचारलंच नाही. हे सगळं मी मोडक्या इंग्रजीत वर्गापुढे बोलून टाकलं. मला रडू आलं तशी अबेना उठून शेजारी येऊन बसली आणि माझा हात धरून राहिली.

"तुला काय कर ते मी नाही सांगणार," मी म्हणाले. "एकदा सांगून बसलेय."

जेवायला अबेनाने डब्यातून टोमॅटोतला लालभडक भात आणला होता. आपल्या मसालेभाताचा लांबचा भाऊ, तिखटाला मात्र वरचढ. जेवण झाल्यावर मनालीला युक्ती सुचली. अबेनाने मामाला फोन करायची तालीम करायची, आणि मामा कोण, तर मी. गावकीतले म्हातारे मला तोंडपाठ. "पोरी, घराण्याची अब्रू आहे काही? आईचा तरी विचार कर," असं मी सुरू केलं आणि पहिल्या खेपेला तिचा आवाज चिरकला. दुसऱ्या खेपेला तिने खाली बघितलं. तिसऱ्या खेपेला माझ्याकडे बघत शेवटपर्यंत बोलली. खरा फोन करायला ती जिन्यात गेली. आम्ही सगळे वर्गात दाराकडे बघत बसलो. परत आली आणि एवढंच म्हणाली, "चिडलाय. पण मी परतीचं तिकीट काढतेय."

गावी परतल्यावर खजूर वाटले, फोटो दाखवले. वहिनींकडे जायचं मात्र धाडस होईना. काही महिन्यांनी अबेनाने तिच्या आवाजातला निरोप फोनवर धाडला आणि मी तो घेऊन वरच्या वाडीत गेले. वहिनी अंगणात आमसुलं वाळत घालत होत्या. आधी माफी मागितली. त्यांनी पाट पुढे केला. मग अबेनाचा आवाज लावला आणि वाक्यावाक्याला मराठीत सांगत गेले. ती हरली. पण जन्मात पहिल्यांदा मामा तिच्या आईच्या दारात मत मागायला आला होता. आईने त्याला बसवून घेतलं आणि विहिरीच्या पंपाचं काय झालं ते विचारलं.

वहिनींनी हात पदराला पुसले. "किती मतं पडली पोरीला?"

"एकशे बेचाळीस."

त्यांनी आकडा ओठांतल्या ओठांत म्हटला. मग वाळवणाकडे बघत म्हणाल्या, "मला किती पडली असती, तेवढं तरी कळायला हवं होतं."