नखानं ऐकणारा भट्टीवाला

१९९४ साली मी त्रेसष्ट वर्षांचा होतो. उस्मानपुऱ्यातल्या भट्टीवाल्याकडं लोक घरची नानकटाई भाजायला न्यायचे, मी पाई न्यायचो, आत फळं भरून भाजतात तो विलायती प्रकार. नातीला चेरीची हवी होती. चेरी कुठली आणणार, मी मैद्याच्या पारीत सोयगावची करवंदं भरली.

भट्टीवाला घड्याळ बघायचा नाय. पाई उचलून तळाला नखानं टकटक करायचा अन् कान लावायचा. गिऱ्हाइकाचा माल त्यानं कधी चाखला नाय, तारीफ तर लांबच. दोनदा माझा तळ ओला निघाला.

"रो रही है, पाटील," तो म्हणाला. "तिसऱ्यांदा रडली तर माझ्या भट्टीत आणू नका."

विचारलं असतं तर त्यानं तोड सांगितली असती. मी विचारलं नाय. घरी करवंदांखाली रस शोषायला भाजलेला रवा पसरला.

तिसऱ्या खेपेला त्यानं नख वाजवलं, कान लावला, परत वाजवलं. मग काठ मोडून सरळ तोंडात टाकला.

"रवा?"

"व्हय."

"किसने बताया?"

"कुणी नाय."

त्यानं पाई फडक्यात बांधून दोन्ही हातांनी मला दिली. "आता आंब्याची आणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी पेटायच्या आधीच मी आंब्याची पाई घेऊन त्याच्या दारात उभा होतो.