सत्तेचाळिसाव्या मैलाची माती

लालसिंग राठोड रस्त्यावर गिट्टी फोडायचा. मानोऱ्याकडच्या सडकेला दहा-बारा माणसांचे गिट्टीचे ढीग लागलेले असत, त्यात त्याचा ढीग लांबून ओळखू यायचा. सगळा दगड एका मापाचा. खाली मोठे धोंडे दडवायचे आणि वरून बारीक गिट्टी पसरून ढीग फुगवायचा, ही चाल सगळ्यांनाच ठाऊक होती. म्हणून मुकादम प्रत्येकाचा ढीग पायानं उसकून बघायचा. लालसिंगचा बघत नसे.

असा माणूस वर्षातले बारा दिवस मात्र हातोडा गुंडाळून ठेवायचा. होळी झाली की खांद्यावर घोंगडी टाकून निघायचा आणि पलटणीतल्या माणसांची घरं पायी फिरायचा.

पलटण म्हणजे बंदुकीची नव्हे, कुदळ-फावड्याची. मोठ्या लढाईत सरकारनं वऱ्हाडातून पायोनियर कंपनी भरती केली होती. आसामच्या पुढं, ब्रह्मदेशाच्या डोंगरात रस्ता काढायचं काम. तांड्यावरचे बंजारा होते, गावातले कुणबी होते. लालसिंग त्यात नाईक होता, दहा माणसं त्याच्या हाताखाली. शेहेचाळीस साली कंपनी मोडली तेव्हा परतलेल्यांनी एक गोष्ट ठरवली. दरवर्षी रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत, गावाबाहेरच्या निंबाखाली जमायचं आणि गणती करायची. नाव पुकारलं की ‘हाजर’ म्हणायचं. जे परत आले नाहीत त्यांचंही नाव पुकारायचं, आणि त्यांच्या वतीनं कोणीतरी म्हणायचं, ‘घरचे हाजर.’

परत न आलेले या भागातले तिघं होते. धनजजवळच्या तांड्यावरचा धनसिंग, मानोऱ्याकडचा बाबूसिंग आणि मेडशीचा पुंजाजी. तिघांच्या वतीनं लालसिंगच म्हणायचा. घरचे हाजर, घरचे हाजर, घरचे हाजर. तीन वेळा, खाली मान घालून.

त्याला बायको नव्हती, मूलबाळ नव्हतं. लढाईवर असताना तांड्यावर पटकी आली, तीत घरचे सगळे गेले होते. ही तीन घरं हेच त्याचं गणगोत. रामीबाई, म्हणजे धनसिंगची विधवा, त्याला भाऊ म्हणायची. मेडशीची मनकर्णाबाई त्याच्यासाठी पुरणाची पोळी झाकून ठेवायची. बाबूसिंगची रुपाबाई फार बोलत नसे, पण तो येणार त्या दिवशी अंगण सारवलेलं असे. हे तुटलं असतं तर लालसिंगला बारा दिवस चालायला वाटच उरली नसती.

आठव्या गणतीच्या वर्षी, म्हणजे चोपन्न साली, त्याच्या मनात आलं की बायकांनी आपल्या तोंडानं ‘घरचे हाजर’ म्हणावं. आपण किती दिवस म्हणायचं? त्यानं तिन्ही घरी निरोप दिला. उदयसिंग त्याच्याच दहांतला होता आणि गणतीला नावं पुकारायचं काम त्याच्याकडं होतं.  तो म्हणाला की बायका एका ठिकाणी आणू नको. लालसिंगला वाटलं, हा येण्याजाण्याच्या तरासाचं बोलून राह्यला. त्यानं मनावर घेतलं नाही. नेमकं तिथंच तो चुकला. आठ वर्षांत या तिघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या, आणि तसं होतं म्हणूनच सगळं नीट चाललं होतं.

रामनवमीला तिघी आल्या. मनकर्णाबाईला बंजाऱ्यांच्या यात्रेत आधी बुजल्यासारखं झालं. रामीबाईनं तिला हाताला धरून सावलीत बसवलं. बांगड्यांवाचून कोपरापर्यंत मोकळे हात बघून मनकर्णाबाईला सांगावं लागलं नाही की हीसुद्धा आपल्यासारखीच. भोगासाठी लापशी शिजत होती. माणसं पलीकडं बसून जुन्या गप्पा काढत होती, लालसिंग विस्तवाला लाकूड सारत होता. इतकं समाधान त्याच्या चेहऱ्यावर सोबत्यांनी आधी बघितलं नव्हतं.

बायका तरी दुसरं काय बोलणार? मनकर्णाबाई सांगू लागली की तिचा माणूस तापानं गेला. शेवटी पाणी मागितलं. लालसिंग भाऊनं आपल्या बाटलीतलं पाजलं, डोकं डाव्या मांडीवर घेतलं. तिचं नाव घेतलं आणि डोळे मिटले. पुरलं तिथली मूठभर माती भाऊनं घरी आणून दिली.

रुपाबाईचा हात लापशीच्या चाटूवर थांबला.

“डाव्या मांडीवर?” तिनं विचारलं.

“हो माय. डाव्या.”

“माह्यावालाबी तापानं गेला,” रुपाबाई म्हणाली. “बाटलीतलं पाणी. माहं नाव. सारं हेच.”

दोघींनी रामीबाईकडं पाहिलं.  तिच्या तोंडावरूनच कळलं. धनसिंगही त्याच मांडीवर, तेच पाणी पिऊन, तसाच गेला होता.

लापशी खालून लागली. वास सुटला तरी कोणी हलवली नाही. रामीबाई उठली आणि माणसं बसली होती तिथं जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही.

“लालसिंग भाऊ,” ती म्हणाली, “तुले मांड्या होत्या तरी किती?”

एक जण हसला. बाईनं थट्टा केली असं त्याला वाटलं. मग लालसिंगचा चेहरा बघून त्याचं हसू तसंच राहिलं. लालसिंगच्या हातातलं लाकूड खाली पडलं होतं. ते पायाजवळ जळत होतं आणि त्याला कळत नव्हतं. उदयसिंगनं ते पायानं सारलं.

लालसिंगला आधी काय झालं तेच उमगेना. आठ वर्षं तो एकेका ओसरीवर बसून तेच सांगत आला होता. सांगता सांगता त्यालाही ते दिसू लागलं होतं, ती बाटली, ते डोकं. तीन माणसांना त्यानं एकच मरण दिलं होतं, आणि ते एकच आहे हे त्याच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. वर बारीक गिट्टी पसरली होती. मुकादमानं पायानं उसकलं नव्हतं, एवढंच.

“खोटं सांगतलं मी,” तो म्हणाला.

मग त्यानं खरं सांगितलं. पावसाळा होता. सत्तेचाळिसाव्या मैलाला तिघं चढाच्या अंगाला नाली काढत होते. डोंगर घसरला. आवाजसुद्धा फार झाला नाही. लालसिंग साठ पावलांवर होता. वळून पाहिलं तर जिथं माणसं होती तिथं लाल चिखल. ताप नाही, पाणी नाही, मांडी नाही. कोणाचं नाव कोणी घेतलं नाही, तेवढा वेळच नव्हता.

“काढलं नाई तुमी त्याइले?” मनकर्णाबाईनं विचारलं.

“खंदलं.”

“किती?”

“दोन दिवस. आठ माणसं. फावड्याचे दांडे मोडले मंग हातानं. पुरुषभर खोल गेलो अन् वरून पुन्हा आलं.”

“अन् तिसऱ्या दिवशी?”

 उदयसिंग बोलणार होता, त्याला लालसिंगनं हातानं थांबवलं.

“तिसऱ्या दिवशी हुकूम आला. मागं गाड्या अडकल्या होत्या, पुढं फौज उपाशी. रस्ता चालू करा म्हणे. यंत्र आलं, त्यानं सपाट केलं. वर गिट्टी आमी टाकली. नऊ इंच. माह्या हातानं. मंग रोलर फिरला.”

 पलीकडं यात्रेत डफ वाजत होता. जे आठ जण खणत होते त्यातले पाच निंबाखाली बसले होते. पाचही जणांनी माना खाली घातल्या होत्या. आठ वर्षं त्यांनीही हे कोणाला सांगितलं नव्हतं, आपसातही काढलं नव्हतं.

रुपाबाईनं कमरेची गाठ सोडली. आत फडक्यात बांधलेली लहान पुरचुंडी होती. तिनं ती लालसिंगच्या पुढं धरली. 

“अन् हे? हे कुठची माती? मानोऱ्याच्या सडकेची?”

“ते खरं हाय,” लालसिंग म्हणाला. “कंपनी मोडायच्या आधी मी तिथं जाऊन आलो. रस्त्याची कड खरवडली. तिन्ही घरी एकाच ठिकाणची देल्ली, कारण तिघं एकाच ठिकाणी हायेत.”

रुपाबाईनं पुरचुंडीकडं पाहिलं. परत कमरेला बांधली, गाठ दोनदा आवळली, आणि कोणाशी न बोलता यात्रेतून मानोऱ्याच्या वाटेला लागली. लालसिंग दोन पावलं तिच्या मागं गेला. तिनं वळून पाहिलं नाही. तो थांबला.

रामीबाई तिथंच मातीत बसली होती. तिनं विचारलं, “वरून गाड्या गेल्या?”

“गेल्या.”

“लय?”

“रोज शंभर-दोनशे. वर्षभर.”

तिनं तोंडावर पदर घेतला.  पदर काढला तेव्हा तिनं पुन्हा जागा विचारली. सत्तेचाळिसावा मैल. मैलाच्या दगडापासून किती? अडीचशे पावलं, लालसिंग म्हणाला, चढाच्या अंगाला. त्यानं मोजली होती. तिनं ते पुटपुटत दोनदा म्हणून पाहिलं, पाठ झालं तशी थांबली. त्याला मात्र तिनं पुन्हा भाऊ म्हटलं नाही.

उन्हं कलली. गणती करायची की नाही, कोणालाच सुचेना. शेवटी उदयसिंग उठला. जिवंतांची नावं आधी पुकारायची रीत होती. त्यानं पाच-सहा नावं पुकारली, हाजर, हाजर. मग लालसिंगचं नाव पुकारलं.

 तो निंबाच्या बुंध्याशी बसला होता आणि स्वतःच्या हातांकडं पाहत होता. उदयसिंगनं पुन्हा पुकारलं.

मनकर्णाबाईनं करपलेल्या लापशीचं भांडं उतरवून बाजूला ठेवलं होतं. ती तिथूनच बोलली.

“बोल नं बापा. मेले ते बोलू शकत नाईत. तू त जिता हायेस.”

लालसिंगचे ओठ हलले. त्यानं ‘हाजर’ म्हटलं, पण ते शेजारच्यालाच ऐकू गेलं. उदयसिंग पुढच्या नावावर गेला. धनसिंग. रामीबाई उभी राहिली. ‘घरचे’ हा शब्द तिला म्हणता आला नाही.

“सत्तेचाळिसावा मैल,” ती म्हणाली. “हाजर.”

बाबूसिंगच्या नावाला बोलायला रुपाबाई नव्हती. उदयसिंगनं लालसिंगकडं पाहिलं. लालसिंगनं नाही म्हणून मान हलवली. ‘घरचे हाजर’ आता त्यानं म्हणायचं नव्हतं.