काका, कल्ले आणि बादलीतली मरळ

अंबरनाथ स्टेशनापासून बदलापूरच्या नदीपर्यंत असा एकही मासा नसेल, ज्याच्या गालात माझ्या आत्याच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, बोट घातलं नाही. इतर लोक कल्ला उघडतात, लाल दिसला की मासा पिशवीत टाकतात. काका कल्ला उघडत, मला दाखवत बसत आणि मासा टोपलीतच राही. "पाहिलंस? एकेका कमानीवर ही तांबडी झालर, झालरीच्या दशीदशीवर आणखी बारीक पापुद्रे. सगळे पसरले तर या बांगड्याला पांघरूण होईल! आणि रक्त वाहतं पाण्याच्या उलट. पुढं जाईल तसं त्याला आणखी ताजं पाणी भेटतं, शेवटपर्यंत प्राणवायू मिळतो." मागची रांग पार फाटकापर्यंत जाई. निर्वासितांच्या कँपातून आलेला एक सिंधी गिऱ्हाईक म्हणे, "साईं, मछली है, किताब नहीं!" कोळीण ओरडे, "दादा, मावरा घेतोस का निस्ताच बगतोस?" काका ढिम्म. "पाण्याबाहेर मात्र खेळ खलास. पापुद्रे ओल्या पोथीच्या पानांसारखे चिकटतात," हा त्यांचा समारोप.

एका वैशाखात जावई जेवायला येणार म्हणून काकांनी बदलापूरच्या एका मासेवालीकडून जिवंत मरळ आणली. ओल्या पाल्यात गुंडाळलेली, सकाळपासून पाण्याबाहेर, तरी शेपूट आपटतेय. काकांना हा वैयक्तिक अपमान वाटला. बादलीत सोडली, तर ती सारखी वर येऊन हवेचा घोट घेई. चार वेळा पाणी बदललं, तेच. "कल्ले असताना ही चैन कशाला?" म्हणत तिला वर येता येऊ नये म्हणून त्यांनी पाण्याखाली चाळणी दाबून धरली.

तासाभरात मरळ तडफडली, मग कलंडली. काकांचा चेहरा तिच्या पोटाहून पांढरा. चाळणी भिरकावून त्यांनी दोन्ही हातांनी तिचं तोंड पाण्यावर धरलं. बराच वेळ काही नाही. मग तिनं हवेचा एक घोट घेतला.

आत्या विळी घेऊन आली. "अहो, द्या ती. जावई येतीलच."

"आत्ता नको गं," काका हलक्या आवाजात म्हणाले, "धाप लागलीय तिला."

जावयानं पिठलं खाल्लं. संध्याकाळी आम्ही मरळ नदीत सोडली, तरी काका गुडघाभर पाण्यात उभेच. "थांब. एकदा वर येऊन श्वास घेऊ दे." उजेड सरत आला तेव्हा लांबवर पाण्यात एक गोल उमटला. कुणाचा ते मला दिसलं नव्हतं, तरी तो मरळीचाच, अशी शपथ मी तिथल्या तिथं घेतली. काका हसले आणि पाण्याबाहेर आले. आयुष्यभर मी गावभर थापा मारल्या. पण इतक्या विश्वासानं कुणी ऐकून घेतलं नाही.