माहितीदाता क्रमांक चार

आमच्या सरांइतका निर्मळ मनाचा माणूस अख्ख्या खानदेशात सापडणार नाही, आणि त्यांनी माझं जेवढं वाईट केलं तेवढं एकाही दुष्ट माणसाला जमलेलं नाही. धुळ्याच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले आणि जळगावात मेहरूणला राहायला आले. माझ्या दुकानात पुस्तकांसाठी लोखंडी कपाट घेताना मी सांगितलेला भाव त्यांनी मुकाट मान्य केला. घासाघीस न करणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच पाहिलं. शेवटी लाज वाटून मीच भाव उतरवला.

पुढे दर रविवारी ते आमच्या बौद्धवाड्यात भरीत खायला येऊ लागले. मांडी घालून बसायचे, बोटं चाटायचे. शिवाशिव त्यांच्या गावीही नव्हती. आई म्हणायची, "मानूस गोड शे." खिशात मात्र कायम वही. मिरचीने डोळे वाहत असले तरी लिहिणं चालूच. एकदा विचारलं, "भाऊ, वस्तीबाहेर राहावंसं नाही वाटत?" त्याच सकाळी एका घरमालकाने माझं आडनाव ऐकून मला दारातूनच परत पाठवलं होतं. मी भडकलो, "आम्ही आमच्या गल्लीतच सुखी आहोत!" सरांनी लिहून घेतलं.

दोन वर्षांनी सरांच्याच कॉलनीत प्लॉट निघाला. आईला मरायच्या आधी स्वतःचं अंगण हवं होतं. मालकाशी सौदा ठरला, पण कॉलनीच्या कमिटीने अडवलं. "आमचं काही नाही हो, अभ्यासच असं सांगतो," म्हणत सेक्रेटरीने सरांचा छापील अहवाल पुढे केला. 'प्रत्येक समाज आपल्याच वस्तीत समाधानी असतो.' खाली पुरावा म्हणून माझं वाक्य, आणि माझं नाव: माहितीदाता क्रमांक चार.

मी तसाच सरांकडे गेलो. "सर, हे वाक्य काढा."

"पण भाऊ, मी एक अक्षर बदललेलं नाही."

"मी रागात होतो!"

"राग लिहायला रकाना नव्हता," सर म्हणाले, आणि खरोखर ओशाळले. वाक्य मात्र काढलं नाही. आयुष्यभर सौदे करत आलो, पण त्या एका वाक्याला माझ्याकडे तोड नव्हती. प्लॉट दुसऱ्याला गेला. आई गेली तीही गल्लीतूनच.

आता सरांना जिना उतरवत नाही. रविवारी बायको भरीत करते, मी शिव्या घालत डबा घेऊन निघतो. कॉलनीच्या फाटकावर वॉचमन रजिस्टर पुढे करतो. नावाच्या रकान्यात मी दर वेळी एकच लिहितो: माहितीदाता क्रमांक चार. वर गॅलरीत सर डब्याची वाट बघत हात हलवत असतात. मीही हलवतो.