चिलखताच्या दुपारी
शेजारच्या फ्लॅटमधून आज ग्लू-गनचा जळका वास आला आणि लेकीचं फोमचं चिलखत आठवलं. मंदीनंतरच्या कपातीत या आखाती शहरातल्या मरीना भागातली माझी नोकरी गेली होती आणि लेक कॉलेजात होती. महिनाभर रोज दुपारी आम्ही दोघी हॉलमध्ये फोम कापत, चिकटवत बसायचो. तिला कॉमिक्सच्या मेळ्यात आवडत्या जपानी कार्टूनमधली योद्धा बनून जायचं होतं. ती योद्धा चित्रात जेमतेम कपड्यांत असायची, म्हणून लेकीने स्वतःच स्कर्ट गुडघ्यापर्यंत शिवायला लावला. मेळ्यात शेकडो मुलंमुली अशीच नटून आली होती. तिचा चेहरा इतका फुललेला मी कधी पाहिला नव्हता. मग एका कॅमेरावाल्याने फोटो मागितला, तिच्या कमरेत हात घातला आणि हसत म्हणाला, "ओरिजिनल में स्कर्ट इतना लंबा नहीं है." तिने हात झटकला. मी धावत गेले, पण त्याला एक शब्द न बोलता तिचाच दंड धरला. "खलास, घरी चल. म्हणूनच असे कपडे घालायचे नसतात." "मम्मा, यू मेड धिस विथ मी," ती एवढंच म्हणाली. टॅक्सीत तिने चिलखताचा एकेक तुकडा उतरवून मांडीवर ठेवला. पुढे मला नोकरी लागली, ती कॅनडाला शिकायला गेली आणि तिथेच राहिली. अजूनही नटते, पण फोटो मला तिच्या मैत्रिणीकडून मिळतात. परवाच्या फोटोत तिच्या खांद्यावरची शिवण वाकडी गेली होती. मी असते तर उसवून पुन्हा घालून दिली असती.