मावशींच्या कॅसेटला माणसं हवीत

“लिंक पाठवा ना” एवढं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. गेली काही वर्षं मी जुन्या मराठी टीव्हीच्या कॅसेटी गोळा करतो आणि इकडे शिकागोच्या बाजूला, शॉमबर्गजवळच्या एका लायब्ररीच्या मीटिंग रूममध्ये लोकांना दाखवतो. फुकट. वर चहा. तरी लोकांना ते घरी सोफ्यावर लोळत, एक डोळा फोनवर ठेवून बघायचं असतं. ग्रुपवर अंगठे पाठवतील, “वॉव, काय दिवस होते” लिहितील आणि खाली हळूच विचारतील, लिंक आहे का? अरे, लिंक असती तर मी इथे खुर्च्या कशाला मांडल्या असत्या?

या कॅसेटी निघतात बेसमेंटमधून. ऐंशीच्या दशकात इकडे आलेल्या डॉक्टर-इंजिनियर मंडळींना मुंबई-पुण्याहून भाऊ, दीर, मेहुणे टीव्हीवरची नाटकं रेकॉर्ड करून पाठवायचे. मोठ्या हौसेने कॅसेट लावावी तर पडद्यावर नुसत्या मुंग्या, कारण तिकडची कॅसेट इकडच्या मशीनला चालत नाही. बघता येत नाही आणि फेकवतही नाही, म्हणून ती जायची खाली, जुन्या कोटांच्या खोक्यात. तिकडे तरी कुणी काय जपून ठेवलंय? टेप महाग, एका कार्यक्रमावर दुसरा चढवायचे. मी टेलिफोनच्या कंपनीतून रिटायर झालो आणि दोन्हीकडच्या कॅसेटी चालवणारं एक जुनं मशीन दुरुस्त करून घेतलं. बायको म्हणाली, लोकांचा कचरा आता आपल्या घरी. म्हणू दे.

मावशी वयाने माझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या, सत्तरी नुकतीच ओलांडलेली, पण आमच्याकडे त्या सगळ्यांच्याच मावशी. यजमान गेले आणि त्या एवढ्या मोठ्या घरात एकट्या उरल्या. शेवटी मुलाने घर विकायला काढलं आणि त्यांना टेक्ससला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. मी निरोपाचा चहा प्यायला गेलो तर ड्राइव्हवेत कचऱ्याचा हा भला मोठा डंपस्टर उभा. मुलगा घरातून खोकी आणत होता आणि उघडूनही न बघता त्यात टाकत होता. तो वर्षाचा असताना इकडे आलेला. त्याचं मराठी म्हणजे जेवलास का, झोपलास का, इतपत.

“तुम्ही त्या कॅसेटी लावता ना?” मावशींनी विचारलं आणि ओट्याच्या खणातून एक कॅसेट काढली. “यात मी आहे. लग्नाआधीपासून टीव्हीवर नाटकांत कामं करायचे मी, मुंबईला.”

तीस वर्षं ओळखतो मी या बाईंना! त्यांच्या हातचे किती बटाटेवडे खाल्ले असतील, आणि एका शब्दाने कधी बोलल्या नाहीत. नाटकं थेट प्रक्षेपित व्हायची, झाली की संपली. हे एकच उरलं, तेही दीर आखातातून व्हीसीआर घेऊन आले होते म्हणून. इकडे येताना त्यांनी कॅसेट बरोबर आणली, ती काही लागेना, यजमान म्हणाले बघू कधीतरी. त्या “कधीतरी”त चाळीस वर्षं गेली.

माझा हात आपोआप पुढे झाला. मावशींनी कॅसेट सोडली नाही.

“आधी ऐका. तुम्ही घरी नेऊन कॉपी करायची नाही. आणि मी एकटी बसून बघणार नाही. स्टुडिओत समोर नुसता कॅमेरा असायचा हो. माझ्या कामावर माणसं हसली की नाही, मला कधी कळलंच नाही. एकदा मला ते बघायचंय. माणसं बसवा, मग कॅसेट तुमची. नाही आली माणसं, तर ही माझ्याबरोबर टेक्ससला.”

आणि टेक्ससला तिचं काय होणार ते बाहेर ड्राइव्हवेत दिसतच होतं. त्यांचं विमान मंगळवारचं होतं. त्याच्या आधीचा रविवार, दुपारी दोन, लायब्ररीत, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

आता माणसं आणायची कुणी? माझ्या तोंडाने माणसं येत नाहीत, असलेली पळतात, हे मला ठाऊक आहे. तर आमची लेक पुढे आली. इथेच जन्मलेली, मार्केटिंगमध्ये आहे. “बाबा, यू स्केअर पीपल. मी करते.” आणि पोरीने खरंच केलं. मराठी शाळेच्या कॉरिडॉरमध्ये टेबल टाकून उभी राहिली, देवळात उभी राहिली, इंडियन ग्रोसरीच्या दारात उभी राहिली. एकेकाला पत्रक दिलं, मावशींची गोष्ट सांगितली. संध्याकाळी घरी येऊन मला आकडा सांगायची आणि तो रोज वाढत होता. शेवटी मी लायब्ररीला सांगून मोठी खोली घेतली. आणि शहाण्यासारखा मावशींना फोन केला, “हॉल भरतोय हं!” पलीकडे त्या एवढ्या खूश झाल्या की मलाच भरून आलं.

रविवारी पावणेदोनला नागपूरचं जोडपं आलं. ते दोघं प्रत्येक वेळी येतात, मी वाण्याचा हिशेब पडद्यावर दाखवला तरी येतील. दोन वाजता मावशी आल्या. मोतिया रंगाची रेशमी साडी, केसांत कुठून मिळवला कोण जाणे, गजरा. कॅसेट माझ्या हातात ठेवली, सरळ पहिल्या रांगेत जाऊन बसल्या आणि पडद्याकडे तोंड. मागे वळून बघेनात. “सुरू व्हायच्या आधी डोकावून माणसं मोजायची नसतात,” म्हणाल्या, “आमच्याकडे ते चालत नसे.” मी मनात म्हटलं, बरं झालं. कारण मागे मोजण्यासारखं काही नव्हतं. मुलगा दाराला टेकून उभा, एका हातात गाडीची किल्ली, दुसऱ्या हातात फोन.

सव्वादोन झाले. दारातून एक चिनी आजोबा डोकावले आणि सॉरी म्हणून गेले. खोली चारपर्यंतच आपली, नाटक तासाभराहून जास्त. मी लेकीला कोपऱ्यात ओढलं.

“कुठेत तुझी माणसं?”

“आय डोंट नो, बाबा!” ती रडकुंडीला आली होती. “सगळे हो म्हणाले. दे ऑल सेड येतो!”

“काय म्हणाले? नीट सांग. पत्रक घेतलं आणि काय म्हणाले?”

“पत्रक घेतलं, छान छान म्हणाले, माझ्या जॉबचं विचारलं आणि जाताना म्हणाले, ‘बरं, येतो हं.’ काकू म्हणाल्या, ‘येते गं.’ एव्हरीबडी!”

मी कपाळावर हात मारून घेतला. नागपूरच्या काकूंनी ते ऐकलं आणि त्यांना हसूच आवरेना. अगं माझे बाई, ते निघाले होते! मराठी माणूस जाताना “जातो” म्हणत नाही, अशुभ असतं, म्हणून “येतो” म्हणून चालायला लागतो. पण पोरीला हे कळणार कुठून? आमच्या घरात सगळे जन्मभर “बाय” म्हणून बाहेर पडतात. तिने शाळेत, देवळात, ग्रोसरीत निघून जाणारी माणसं मोजली आणि मी त्यांच्यासाठी खुर्च्या मांडल्या.

राग तरी कुणावर काढायचा? आम्ही दोघं बाहेर जाऊन फोन करत सुटलो. एकाकडे सत्यनारायण. एक कॉस्टकोत रांगेत. एक म्हणाले, “अरेरे, आज होतं होय? काही लिंक वगैरे...” मी फोन ठेवून दिला, नाहीतर तोंडातून काहीतरी गेलं असतं. लायब्ररीच्या जवळ राहणारे एक डॉक्टर तेवढे नातीला पोहण्याच्या क्लासवरून तशीच घेऊन आले, पोरीचे केस अजून ओले. त्यांच्या मागून दोन शेजारणी आल्या. बस. अडीच वाजून गेले आणि आतून मावशींचा आवाज आला.

“किती आले हो?”

मी दारातच उभा राहून पुन्हा फोन काढला. लेक मात्र पुढे गेली, त्यांच्या खुर्चीशी खाली बसली आणि आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, “मावशी, माझी मिस्टेक झाली. लोक नाही आले. सॉरी.”

मावशी वळल्या. एवढी मोठी खोली, रांगाच्या रांगा खुर्च्या आणि त्यात हे मूठभर आम्ही. त्यांनी एकदाच सगळीकडे नजर फिरवली. मग गजऱ्याला हात लावला, उठल्या, माझ्यासमोर आल्या आणि हात पुढे केला.

“द्या.”

“मावशी, अहो...”

“कॅसेट द्या. ठरलं होतं आपलं.”

माझा पारा चढला. खरं सांगतो, राग माझा मलाच आला होता, निघाला मात्र त्यांच्यावर. “अहो, आलेत ना हे! हे डॉक्टर पोरीचं डोकं न पुसता आलेत. यांची काहीच किंमत नाही?” नागपूरचे काका म्हणाले, “आम्ही काय माणसं नाही का हो मावशी?”

“तसं नाही हो.” मावशींचा आवाज एकदम खाली आला. “तुम्ही सगळे आलात, मला काय आनंद नाही का? पण म्हटलं, एवढी माणसं आईला बघायला आली असं दिसलं, तर तोही बसेल. तो तर अजून उभाच आहे.”

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं तो फोनमध्ये मान घालून उभा. हात्तिच्या! म्हणजे ही सगळी खटपट त्या एका खुर्चीसाठी होती. मी तरातरा त्याच्याजवळ गेलो.

“बस.”

“अंकल, आय हॅव अ कॉल ॲट थ्री.”

“कॅन्सल कर.”

“मला ते नाटकातलं मराठी कळत नाही, अंकल. आय वोंट गेट अ वर्ड.”

“कळायला नको. बसायचंय फक्त. तुझ्या आईने तुझ्यासाठी किती ठिकाणी बसून काढलं असेल, सॉकर काय, पियानो काय! तिला सॉकर कळत होतं?”

मला वाटलं, हा आता आईला घेऊन चालू पडणार आणि कॅसेटही गेली. पण त्याने खांदे उडवले आणि शेवटच्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर टेकला, किल्ली हातातच. मावशी आपल्या जागेवर जाऊन बसल्या. मी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. चाळीस वर्षांची टेप, मशीनने खाल्ली असती तर मी काय करणार होतो?

नाही खाल्ली. आधी रेघा धावल्या, मग काळा-पांढरा दिवाणखाना दिसला. तीन बहिणी, एक म्हातारे वडील, आणि थोरलीला बघायला येणारे पाहुणे. टेबलामागे बसलेली धाकटी सगळ्यांच्या खोड्या काढत होती. पाहुणे आले, सगळे उठले, ही उठेना. पाणी द्यायचं तर ग्लास बसल्या जागेवरून पुढे सरकवला. मला चीड यायला लागली, म्हटलं काय हे दिग्दर्शन, कार्टीला पाय नाहीत का? पण बोलायची अशी फक्कड की एका वाक्याला नागपूरच्या काकू खुदकन हसल्या, मग डॉक्टर, मग सगळेच. मावशींनी मान जरा तिरकी करून ते हसू ऐकलं. त्यांचे डोळे भरून आलेले मला बाजूने दिसले.

मी मागे जाऊन मुलाजवळ टेकलो, तर तो माझ्याकडे वाकला आणि कुजबुजला. कुजबूज कसली, सगळ्यांना ऐकू गेलं.

“अंकल, विच वन इज मॉम?”

स्वतःची आई! मावशींनी मागे वळून थेट त्याच्याकडे पाहिलं.

“ती टेबलामागची,” त्या म्हणाल्या. “उठत नाहीये बघ एकदाही. तिला उठायचं नाही म्हणून सांगितलं होतं. नाटकातली मुलगी बिनलग्नाची, आणि मला सातवा महिना. तुला लपवायला ते टेबल मुद्दाम आणलं.”

त्याला अर्धंच कळलं. त्याने आमच्या लेकीकडे पाहिलं. ती म्हणाली, “शी वॉज प्रेग्नंट. विथ यू.”

तो ताडकन उठला. मी मनात म्हटलं, संपलं, चालला हा. पण तो त्या सगळ्या रिकाम्या रांगांमधून पुढे आला, एक खुर्ची पाडली, ती उचललीही नाही, आणि आईच्या शेजारी येऊन बसला. पडद्यावरच्या टेबलाकडे बोट दाखवून त्याने विचारलं, “तिथे... मी आहे?”

“मग!” मावशी म्हणाल्या. “पूर्ण नाटकभर. मी ओरडायचे ना, की तू लाथ मारायचास.”

“अँड व्हॉट आर यू सेइंग देअर? आता काय म्हणतेयस?”

मावशी सांगायला लागल्या. एकेक वाक्य, आधी मराठीत, मग त्यांच्या इंग्रजीत, हातवारे करून, मोठमोठ्याने, अगदी शेवटपर्यंत. नाटकाच्या पुढच्या भागातलं आम्हाला एक अक्षर धड ऐकू आलं नाही, आणि मी कुणालाही गप्प बसा म्हणालो नाही.