न आलेल्या मुलीचा नारळ

माणूस लोभापायी फसतो, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांना एकदा घाटकोपरच्या भटवाडीत आणून विद्याधर परुळेकरांसमोर बसवायला हवं. बुवांना लोभ असता तर दहा बाय बाराच्या खोलीत पस्तीस वर्षं पेटी शिकवत बसले असते का? वडील गिरणीत साच्यावर होते, पाळी सुटली की भजनाला बसायचे. गिरणी गेली, पेटी राहिली. ती बुवांकडे आली तेव्हा तिच्याबरोबर वडिलांचे दोन नियमही आले. नवीन पोर पहिल्या दिवशी नारळ घेऊन येणार. तो पेटीपुढे ठेवून बुवा मालवणीत गाऱ्हाणं घालणार, म्हणजे देवाला मोठ्याने सगळं सांगून त्या पोरासाठी मागणं मागणार, आणि जमलेल्यांनी मध्ये मध्ये 'होय म्हाराजा' म्हणायचं. त्याआधी फीचं नाव काढायचं नाही. दुसरा नियम असा, की दुसऱ्याचा पैसा आपल्या घरात मुक्कामाला ठेवायचा नाही. ज्याचा त्याला पोचवून मोकळं व्हायचं.

आता या दोन नियमांत लोभ कुठे बसतो, ते मला दाखवा.

झालं असं, की मागच्या वर्षी बुवांच्या मुलाने, सुयोगने, शिकवणी शोधून देणाऱ्या एका वेबसाइटवर वडिलांचं नाव टाकलं. पोरं कमी झाली होती. गल्लीच्या तोंडाशी कीबोर्डचा क्लास निघाला होता, तिथे एसी होता. "बाबा, आता लोक नेटवर बघून येतात," सुयोग म्हणाला. त्याने बुवांचा पेटीवर बसलेला फोटो टाकला, ईमेलचा पत्ता काढून दिला आणि तो मोबाईलवर कसा उघडायचा ते तीनदा शिकवलं. चार महिने त्यात जाहिरातींशिवाय काही आलं नाही.

शिमगा झाला आणि अनय राजाध्यक्ष नावाच्या माणसाची मेल आली. इंग्रजीत होती, सुयोगने वाचून दाखवली. मी समुद्रात तेलाच्या फलाटावर नोकरीला आहे, इथे फोन लागत नाही, फक्त मेल चालते. माझी मुलगी स्वरदा नऊ वर्षांची आहे. तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून ती फारशी बोलत नाही, पण पेटीचा आवाज ऐकला की थांबून राहते. ती पवईला मावशीकडे तीन महिने येतेय. तुम्ही तिला शिकवाल का?

बुवांची बायको कुंदाताई स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती हात पुसत बाहेर आली. "बोलत नाही म्हणजे? अजिबातच नाही?"

बघा, विष कुठे पेरलं होतं ते. पेटी शिकवणाऱ्याला गाठायचं तर पैसे दाखवून उपयोग नाही, आई नसलेलं, मुकं झालेलं पोर दाखवायचं. आणि नाव काय, तर स्वरदा. हे कुणीतरी बसून ठरवलेलं आहे. खुर्चीवर बसून, चहा पीत, फोटोतल्या पेटीकडे बघून ठरवलेलं आहे. मला पुढे बुडालेल्या अठ्ठेचाळीस हजारांपेक्षा या बसून ठरवण्याचा जास्त राग येतो.

बुवांनी उलट विचारायला लावलं, की मुलीचा आवाज कुठल्या पट्टीतला आहे. उत्तर आलं, ती सगळ्या पट्ट्यांत गाते. एका गळ्याला सगळ्या पट्ट्या झेपत नसतात, बुवा हसले. "बापाला काय कळतंय त्यातलं," म्हणाले. तिथेच शहाणं व्हायला हवं होतं. पण बायको गेलेल्या माणसाला कोण धारेवर धरणार?

मग फीची गोष्ट निघाली. राजाध्यक्षाला तीन महिन्यांचे पैसे आगाऊ द्यायचे होते. बुवांनी कळवलं की नारळाआधी मी पैसे घेत नाही. तो म्हणाला, माझी कंपनी परस्पर पाठवते, माझ्या हातात नाही, खातं नंबर तेवढा कळवा. बुवांनी कळवला. आणि दुसऱ्या दिवशी लिहिलं, घोटाळा झालाय, मुलीला आणणाऱ्या ड्रायव्हरचा पगारही कंपनीने तुमच्याच खात्यावर टाकलाय. त्यापाठोपाठ बँकेचं चिन्ह असलेली मेल आली, रक्कम जमा आहे, दोन दिवसांत खात्यात दिसेल. वरकड किती, तर अठ्ठेचाळीस हजार. ते तेवढे ड्रायव्हरला द्या, तो हटून बसलाय, पगार मिळाल्याशिवाय गाडी काढणार नाही म्हणतो, पोरगी गुरुवारची वाट बघत बसलीय.

दुसऱ्याचा पैसा. आणि तोही एका पोटार्थी ड्रायव्हरचा. बुवांना घास गोड लागेना. सुयोग ऑफिसच्या कामाला नाशिकला गेला होता, म्हणून या मेल बुवांनीच अक्षर लावत वाचल्या; तो येईपर्यंत थांबू या असं कुंदाताई म्हणाली. "थांबायचं कशाला? आपला आहे का तो पैसा?" बुवा म्हणाले. आणि बँकेत जाऊन, रांगेत उभं राहून, पेटीचे सूर नवे बसवण्यासाठी जमवलेल्या पैशातून त्यांनी स्वतःच्या हाताने ते पाठवून दिले. घरी आल्यावर त्यांना हलकं वाटलं. त्यांनी चहा मागितला.

गुरुवारी पाच वाजता स्वरदा येणार होती. आई नसलेलं पोर नारळ कुठून आणणार, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा बुवांनी नियम मोडला आणि शिष्याचा नारळ स्वतः विकत आणला. शेंडी नीट बघून, कानाशी हलवून आणला. कुंदाताईने रव्याचे लाडू केले. सतरंजी झटकली. पाचचे सहा झाले, सहाचे सात. ड्रायव्हरचा फोन बंद. कुंदाताई सारखी गॅलरीत जाऊन बघत होती. "पोरीला काही झालं नसेल ना हो?" ती म्हणाली.

लक्षात घ्या, त्या घरात त्या घटकेला पैशाचं नाव कुणी काढलं नव्हतं. दोघं म्हातारे एका मुलीच्या काळजीने अर्धे झाले होते, आणि ती मुलगी जगात नव्हती.

सोमवारी सुयोगने सगळं वाचलं आणि कपाळावर हात मारला. बँकेची मेल खोटी होती, खात्यात एक रुपयाही आला नव्हता. मग बँक झाली, तक्रार झाली. तक्रार लिहून घेणारा माणूस पंचविशीतला होता. वर न बघता म्हणाला, "काका, चांगले शिकलेले दिसता. फुकटचे पैसे दिसले की राहवत नाही का तुम्हा लोकांना?"

फुकटचे. ज्याने दुसऱ्याचे म्हणून पदरचे पाठवले त्याला हे ऐकवायचं. बुवांनी एवढंच विचारलं, "मुलीचं नाव लिहिलंत का?"

"कुठली मुलगी?"

"स्वरदा."

"ती नाहीच आहे ना काका. नसलेल्या माणसाचं नाव कशाला लिहू?"

बरोबरच बोलला तो, म्हणून जास्त लागलं. घरी येऊन बुवांनी तो नारळ कपाटावर टाकला आणि जाहीर केलं, आता नवीन पोर घेणार नाही. आहेत ती चार शिकतील, मग पेटी बंद. गल्लीत बातमी फिरायची ती फिरली. भजनी मंडळातल्या एकाने पाठीवर थाप मारून "काय बुवा, समुद्रातनं मासा गावला काय?" असंही विचारलं. चोराला कुणी हसत नाही हो. हसतात ते लुटलेल्यालाच.

एप्रिलच्या शेवटी पुन्हा मेल आली. दुपारची वेळ, बुवा घरी एकटे. अक्षर लावत लावत त्यांनी पहिल्या चार ओळी वाचल्या. कुणी सुबोध म्हणून मस्कतला नोकरीला. मुलगी श्वेता, वय दहा, सुट्टीत दोन महिने मुंबईत येतेय. पेटी शिकवाल का. खातं नंबर कळवा, फी आगाऊ पाठवतो.

बुवांच्या डोक्यात तिडीक गेली. तोच दूरचा बाप, तीच मुलगी, तोच आगाऊपणा. या हरामखोराला वाटतंय तरी काय, म्हातारा दोनदा फसेल? त्यांचं बोट पेटीवर धावतं तसं मोबाईलवर धावत नाही. अर्धा तास लागला, पण त्यांनी एकेक अक्षर शोधून लिहिलं, आणि मनातलं लिहायचं म्हणून मालवणीतच लिहिलं, की तुला मुलगीच नाही. 'तुका चेडू नाय ह्या माका ठाऊक आसा. तुझ्यासारख्याक देव पोर देवचो नाय. तुझ्या घराचा वाटोळा होवंदे. होय म्हाराजा.'

गाऱ्हाणं चांगल्यासाठी घालायचं असतं. पस्तीस वर्षं शेकडो पोरांसाठी मागणं मागितलेल्या तोंडाने त्या दुपारी उलटं गाऱ्हाणं घातलं, आणि शेवटचा होकारही स्वतःच दिला. मग त्यांनी पाठवायचं बटण दाबलं. खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं.

पाच दिवसांनी दारात एक बाई उभी राहिली. सत्तरीची, नऊवारीतली, एका हाताला मुलगी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. कुंदाताईने "या, बसा" म्हटलं तरी बसली नाही. जानकी तिचं नाव, मागच्याच चाळीत राहणारी. तिने कमरेचा मोबाईल काढून बुवांसमोर धरला.

"बुवा, ह्या तुमी लिवलास?"

बुवांनी चष्मा लावला आणि स्वतःचीच अक्षरं वाचली.

"माझो झील सुबोध चार दिवस धड जेवक नाय," जानकी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे ऐकवेना. "तेच्या घराचा वाटोळा? तेना तुमचा काय घोडा मारलेला? परका माणूस शिवी देता तर सोडून दिला असता. गाऱ्हाणा घालणाऱ्या तोंडान शाप दिलास तुमी."

"माका वाटला..." बुवांनी चष्मा काढला. "वयनी, माका एकान फसवल्यान."

"फसवल्यान तेका बोला. खालचा वाचलास काय, तेना काय लिवला ता?"

बुवांनी वाचलं नव्हतं. सुयोग घरात होता, त्याने मोबाईल हातात घेतला आणि ती मेल शेवटपर्यंत मोठ्याने वाचली. खाली होतं, बुवा, मी सातवीत असताना दोन महिने तुमच्याकडे येत होतो, मग बाबांची नोकरी गेली आणि सुटलं. माझा नारळ तुम्ही त्या वेळी परत दिला नव्हता, म्हणाला होतात, तुझी जागा राहील. ती जागा आता श्वेताला द्या. तुमचा नियम मला ठाऊक आहे, फी नंतरच द्यायची असेल तर तसं सांगा. नारळ आईने आणून ठेवलाय.

बुवा भिंतीला टेकून खाली बसले. त्या चोराने अठ्ठेचाळीस हजार नेले, ते नेऊ देत, माणूस दमड्या पुन्हा जमवतो. पण चार ओळींपुढे माणसावर विश्वास ठेवून वाचायची सवय नेली त्याने. त्याचा पत्ता लागत नाही, आणि त्याच्या वाटची शिवी गेली कुणाला, तर ज्याने तीस वर्षं एका म्हाताऱ्याचा शब्द जपून ठेवला त्याला. याची तक्रार कुठल्या खिडकीवर लिहून घेतात?

"पिशवीत नारळ आसा?" बुवांनी खालूनच विचारलं.

"हा. पण आमी शिकूक इलव नाय. इचारूक इलव."

"ठेवा वयनी. श्वेतासाठी नको तर माझ्यासाठी ठेवा. दिलेला शाप माका माघारी घेवचो आसा, आणि ता नारळाबगर होवचा नाय."

जानकीने पिशवी नातीकडे दिली. श्वेताने नारळ काढला आणि कुठे ठेवायचा ते कुणी न सांगता पेटीपुढे नेऊन ठेवला, बापाने शिकवून पाठवलं असणार. बुवा उठले, टोपी घातली, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आज ह्यो नारळ तुझ्या पायाकडे ठेवलो आसा. माझ्या तोंडातसून ह्या लेकराच्या बापाक वायट शब्द गेले, ते मी माघारी घेतंय. चूक माझी, तेची नाय. होय म्हाराजा."

"होय म्हाराजा," कुंदाताई आणि सुयोग म्हणाले. जानकीचे ओठ मिटलेले होते.

"तेचा घर भरलेला रवांदे. ह्या चेडवाच्या बोटात सूर येवंदे."

"होय म्हाराजा," श्वेता हळूच म्हणाली. आजी तरी गप्पच.

गाऱ्हाणं इथे संपायचं. पण बुवांनी हात सोडले नाहीत. त्यांची नजर कपाटावर गेली, तिथे तो दुसरा नारळ सुकून पडला होता.

"आणि देवा म्हाराजा, जो कोण न जल्मलेल्या पोरीच्या नावान आमका फसयता, तेका तू मारू नको. तेका पोर दी. खरी दी, गुणाची दी. आणि ती मोठी झाली काय एक दिवस तेच्या समोर उभी रवान तिका इचारूंदे, बाबा, माझ्या शाळेचे पैसे तू खयसून आणतंस?"

"होय म्हाराजा," जानकी म्हणाली, इतक्या मोठ्याने की शेजारच्या खोलीतली माणसं दारात आली. मग तिने पदर खोचला आणि सतरंजीवर बसून घेतलं.